हिवरटोकचं पालथं मडकं

ते मडकं सरळ करू नका, पाहुणे. असू द्या तसंच पालथं.

तुमचा दोष नाही. इथं येणाऱ्या प्रत्येकाचा हात आधी तिकडंच जातो. देऊळ एवढं स्वच्छ, वेदीवरचा कपडा इस्त्रीचा, दोन्ही बाजूंना शेवंतीची फुलं, आणि मधोमध हे एक काळपट मडकं, तेही तोंडावर पडलेलं. माणसाला वाटतं, झाडताना कुणाचा धक्का लागला असेल. मागं एकदा पुण्याच्या एका बाईंनी ते उचलून सरळ केलं, आत फुलं ठेवली आणि वर मलाच म्हणाल्या, मावशी, आता कसं छान दिसतंय. छान दिसत होतंच. पण आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बायका ते पाहून रडायला लागल्या, तेव्हा त्या बिचाऱ्या घाबरून गेल्या. तेव्हापासून मी पाहुण्यांना दारातच गाठते.

मला इथं सगळे अनुग्रहामावशी म्हणतात. चर्चची, म्हणजे आमच्या देवळाची, किल्ली माझ्याकडं असते, म्हणून ही गोष्ट सांगायचं कामही माझ्याकडंच आलंय. बसा त्या बाकांवर. आणि आधीच सांगते, ही आमच्या गावाला शोभा देणारी गोष्ट नाही. दुसऱ्या गावांत जा, तिथं म्हणतात, आमच्याकडं अमका साधू राहून गेला, आमच्या खडकातून दूध निघालं. हिवरटोकाला सांगण्यासारखं आहे ते एवढंच, आणि ते आम्ही मान खाली घालून सांगतो.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आधीचे दिवस. माझ्या आजेसासूची आजी तेव्हा नवी नवरी होती म्हणे. आमची माणसं गावाबाहेर राहत. गावाचं पाणी वेगळं, आमचं वेगळं. गावाची वाट वेगळी, आमची वेगळी. ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे, मी पुन्हा उगाळत नाही. अशात कुठूनसा एक उपदेशक आला. त्यानं हिवराच्या झाडाखाली बसून सांगितलं की ज्यानं आभाळ केलं, त्याची तुमच्यावर प्रीती आहे, आणि ती तुम्ही काही करायच्या आधीपासूनच आहे. ज्यांना देवळाच्या पायरीपाशीसुद्धा कुणी कधी उभं केलं नव्हतं, त्यांनी असं बोलणं जन्मात ऐकलं नव्हतं. असं सांगतात की त्या दिवशी ऐकून घेऊन सगळे उठले. पुरुष घरी गेले, बायकांनी भाकरी थापल्या, आणि जेवता जेवता एकेकाच्या डोळ्यांना पाणी आलं. पुढच्या सुगीपर्यंत अख्ख्या वस्तीनं बाप्तिस्मा घेतला होता.

गाव बिथरलं. मेलेली ढोरं कोण ओढणार, सांगावा कोण नेणार, वेशीवर कोण उभं राहणार? गावानं ठरवलं, यांच्याशी कुणी देणंघेणं ठेवायचं नाही. सुतारानं नांगर नीट करायचा नाही, लोहारानं विळ्याला धार लावायची नाही, कुंभारानं मडकं द्यायचं नाही. बाकी सगळं माणूस कसंबसं निभावून नेतो. पण पाणी भरायला भांडं नसेल तर काय करायचं? तेव्हा तांब्यापितळेची भांडी आमच्या घरांत कुठली असायला.

गाव आणि वस्ती यांच्या मध्ये एकच घर होतं, मंजुळा कुंभारणीचं. नवरा वारलेला, पदरात एक तान्ही पोर. चाक ती स्वतः फिरवायची. कुंभाराच्या बाईनं चाकाला हात लावायचा नसतो म्हणतात, पण पोट थोडंच ऐकतंय? तर ही मंजुळा रोज दिवस मावळताना आपल्या कुंपणाच्या या बाजूला मडकी ठेवायची आणि पाठ फिरवून आत जायची. दिली असंही म्हणायची नाही, विकली असंही नाही. आमच्या बायका यायच्या, उचलून न्यायच्या. गावानं विचारलं तर म्हणायची, "म्या उन्हात वाळाया ठेवली व्हती. कुनी नेली काय ठावं."

असं किती दिवस लपणार? तिच्या जातीच्या पंचांना कळलं. त्यांनी तिला वाळीत टाकलं. दिरानं गाढवं सोडून नेली, भावानं भाऊबीजेला बोलावणं बंद केलं. तरी संध्याकाळी कुंपणाशी मडकी असायचीच. तिनं आमचा उपदेश ऐकला नव्हता. तिला शास्त्रातलं एक अक्षर येत नव्हतं. आम्हाला ती "येसूची मान्सं" म्हणायची आणि एवढंच तिला आमच्याविषयी माहीत होतं. पुढं जे झालं ते ऐकताना एवढं ध्यानात ठेवा, की तिला जगात कुणी उरलं नव्हतं ते आमच्या पायी.

आता मुठीचं सांगते. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत मूठधान्याची रीत जुनीच आहे. जात्यावर बसायच्या आधी घरच्या बाईनं एक मूठ ज्वारी बाजूला काढायची आणि वेगळ्या मडक्यात टाकायची. ती प्रभूची मूठ. सुगी झाली की हंगामाच्या रविवारी सगळ्या घरांतली मडकी वाजतगाजत देवळात न्यायची, वेदीपुढं ओतायची. आमच्या बायकांना या मुठीचा फार अभिमान. असणारच. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी दुसऱ्याच्या दारात हात पसरला, त्यांच्या हातून आता देवाला दान जात होतं. मूठ टाकताना बाई ताठ उभी राहायची म्हणे. आणि हंगामाच्या रविवारी मिरवणूक मंजुळाच्या घरावरून जायची तेव्हा ती अंगणात उभी राहून आपली मडकी लोकांच्या डोक्यावरून जाताना बघायची. कुणाची चुंबळ सरकली असेल तर पुढं होऊन नीट करायची. दर वर्षी एक कोरं मडकं ती देवळाला आपणहून द्यायची. कुणी सांगितलं नव्हतं, तिची आपली हौस.

मग दुष्काळ आला. पहिल्या वर्षी वाटलं, निघेल. दुसऱ्या वर्षी विहिरीचा तळ दिसला. वस्तीत एका वेळची भाकरी, ती पण निम्मी कोंड्याची. तेव्हा शिवराम नावाचे पाळक होते. फार भला माणूस, स्वतः उपाशी राहून म्हाताऱ्यांना जेवू घालणारा. त्यांना भीती वाटली की भुकेनं आपली माणसं मूठ मोडतील. एकदा मोडली की सगळंच मोडलं. रविवारी ते म्हणाले, देवानं आपल्यावर प्रीती केली, तेव्हा आपल्याजवळ काय होतं? आज आपल्याजवळ काही नाही म्हणून आपण त्याला विसरायचं का? लोकांनी तिथंच देवापुढं शपथ घेतली की पोरं उपाशी राहिली तरी चालतील, प्रभूची मूठ चुकणार नाही आणि हंगामाच्या रविवारापर्यंत तिला कुणी हात लावणार नाही.

शपथ घेतली, पण भुकेल्या माणसाचा हात शपथ ऐकत नाही, हे बायकांना पुरुषांपेक्षा जास्त कळत होतं. म्हणून त्या मंजुळाकडं गेल्या. म्हणाल्या, या साली आम्हाला वेगळी मडकी कर. वरचं तोंड एवढंच ठेव की दाणे आत पडतील, पण हात आत जाणार नाही, आणि कड आत लांब वळव, पालथं केलं तरी दाणा पडायला नको. पोरांच्या गल्ल्यासारखं. फोडल्याशिवाय काही निघायला नको.

मंजुळानं विचारलं, "असं का गं?"

"द्येवाचं हाय अक्का. त्यात कुनाचा हात जाया नको."

मंजुळाला हसू आलं म्हणे. पण तिनं तशी मडकी करून दिली. घरटी एक. माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. ती मडकी तिच्याच हातची होती.

इकडं मंजुळाची दशा काय झाली, कुणी पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे दिसत नव्हतं असं नाही. ज्याच्या घरात शिजायला काही नाही तो मडकं कशाला घेईल? तिचं चाक थांबलं. गावची कुंभाराची बाकी घरं नदीकडं निघून गेली, तिला कुणी चल म्हटलं नाही. तिची पोर तुळसा तोवर चार-पाच वर्षांची झाली होती. मायलेकी आधी तरवडाचा पाला खायच्या, मग बाभळीच्या शेंगा, मग काय खायच्या देव जाणे. आमच्या बायका पाण्याला जाता-येता त्यांना बघायच्या, हळहळायच्या. हळहळ खरी होती. पण घरी जाऊन मूठ मात्र मडक्यातच पडायची.

हंगामाचा रविवार जवळ आला. शेतात काही पिकलं नव्हतं, पण सण मोडायचा नाही असं ठरलं होतं. त्या आठवड्यात एके दिवशी मंजुळा आमच्या वस्तीत आली. आयुष्यात पहिल्यांदा. ती एकाच दारात गेली. मागायची सवय नव्हती, दुसऱ्या दारात जायला तिचे पाय उचललेच नसते.

ती उंबऱ्यापाशी उभी राहिली. घरातली बाई चुलीपाशी होती. मंजुळानं इकडचं तिकडचं काही बोलून पाहिलं, मग म्हणाली, "पोर बसल्या जागी आडवी हुतीया गं. मूठभर दाणे दे."

ती बाई म्हणाली, "घरात न्हाईत गं अक्का. लेकरांच्या गळ्याची आन."

खोटं नव्हतं. घरात खरंच नव्हते. मंजुळाची नजर कोपऱ्यातल्या मडक्याकडं गेली. ती पुढं झाली आणि कुंभार मडकं वाजवून बघतात तसं तिनं बोटाच्या पेरानं ते वाजवलं. आवाज बद आला, भरल्या मडक्याचा.

"ह्ये तर निम्म्याच्या वर भरलंय."

"ते प्रभूचं हाय. माझ्या पोरांनाबी त्यातलं दिलं न्हाई मी. आन काढू कसं? फोडावं लागंल."

"फोड की. मडकं माझ्याच हातचं हाय. उद्या तुला दुसरं करून देते."

हे बोलणं बायकांच्या तोंडून आमच्यापर्यंत आलं, त्या बाईचं नाव तेवढं आलं नाही. तिला काय वाटत असेल ते मी कितीदा मनात आणून पाहिलंय. तिची पोरं अंगणात होती, हाडं मोजून घ्यावीत अशी. त्यांना नाही म्हटलेलं होतं. आता दुसरीच्या पोरीसाठी मडकं फोडलं तर आपल्या पोरांना काय तोंड दाखवायचं? आणि देवाला काय दाखवायचं? शेवटी ती म्हणाली, "मडकं तुझं हाय गं अक्का. दाणे त्याचे हायेत."

मंजुळा रागावली नाही. तिला ते पटलंसुद्धा असावं. देवाच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती म्हणाली, "बरं बाई." आणि पदर सावरून निघून गेली.

रविवार आला. मिरवणूक निघाली. पुढं डफ आणि टाळ, मागं डोक्यावर मडकी घेतलेल्या बायका. अंगात त्राण नव्हतं, पण गाणी जोरात चालली होती. त्या दिवशी त्यांना आपला अभिमान वाटत होता, आणि वाटण्यासारखं होतंही, कारण एवढ्या दुष्काळात एकाही घराची मूठ चुकली नव्हती. मंजुळाच्या घरावरून जाताना अंगणात कुणी दिसलं नाही. एक कोरं मडकं तेवढं ओट्यावर होतं, पालथं. धूळ जाऊ नये म्हणून कुंभार कोरं मडकं पालथंच ठेवतात. कुणीतरी म्हणालं, देवळाचं मडकं करून ठेवलंय वाटतं. मागाहून नेऊ, असं म्हणून मिरवणूक पुढं गेली.

देवळात प्रार्थना झाली. पाळकांनी पहिलं मडकं हातात घेतलं आणि वेदीच्या पायरीवर फोडलं. आतून पिठासारखा भुगा सांडला आणि सोंडे किडे वळवळत सगळीकडं पसरले. दुसरं फोडलं, तेच. तिसरं फोडलं. मग फोडायचे थांबले. दाण्याची नुसती टरफलं उरली होती.

आमच्यातले काहीजण याला चमत्कार म्हणतात. देवानं दान नाकारलं म्हणतात. मी आयुष्यभर धान्य साठवलंय, मला विचाराल तर ज्वारीला ऊन दाखवलं नाही, पाखडली नाही, कडुलिंबाचा पाला घातला नाही, तर तिला कीड लागणारच. आणि ज्या मडक्यात हात जात नाही त्यातल्या ज्वारीला ऊन कोण दाखवणार? एरवी दर महिन्याला बायका मुठीचं धान्य काढून वाळवायच्या. त्या वर्षी विश्वास नव्हता, स्वतःवरसुद्धा. त्यातून झालं ते. देवाला त्यात ओढायची गरज नाही.

पण त्या दिवशी देवळात कुणाला हे सुचलं नाही. सगळे हबकून बसले. पाळक म्हणाले, आपलं काहीतरी चुकलं आहे. काय चुकलं, ते ज्याला ठाऊक असेल त्यानं सांगावं. सगळ्यांनी तर दिलं होतं, कुणी चोरलं नव्हतं, कुणी खाल्लं नव्हतं. मागून एक म्हातारी म्हणाली, "आज मंजुळा वाटंवर उभी नव्हती."

मग सगळे उठले आणि पळत सुटले.

मंजुळा चाकाशेजारी पडली होती. हात लावला तेव्हा ती गार झालेली होती. तिच्या अंगाला चिकटून तुळसा बसली होती, जिवंत. चुलीवर तवा होता आणि तव्यात मातीच्या भाकरी होत्या. चांगल्या गोल, मळून, थापून केलेल्या. पोरीला धीर यावा म्हणून तिनं केल्या असाव्यात. तुळसानं लोकांना बघून सांगितलं, "थंड झाल्या की खायच्या हायेत. आई म्हनली."

पाळक तिच्यापुढं बसले. त्यांनी विचारलं, "बाळ, आई कुणाकडं गेली नव्हती का गं मागायला?"

"गेली व्हती. येसूच्या घरी. येसूच्या घरात लई दाणे हायेत." मग ती म्हणाली, "पर येसू न्हाई म्हनला."

पाहुणे, ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, पण इथं आलं की मी अजून उठून वेदीवरचा कपडा नीट करून येते. थांबा जरा.

मंजुळाच्या जातीचं खांदा द्यायला कुणी नव्हतं. आमच्या पुरुषांनी तिला नेलं आणि तिच्या रीतीनं अग्नी दिला. पाळकांनी प्रार्थना म्हटली नाही. म्हणाले, आज देवापुढं तिच्याविषयी बोलायला आपल्याला तोंड नाही, तीच आपल्याविषयी काय बोलेल ते बोलेल. ओट्यावरचं कोरं मडकं ते स्वतः उचलून देवळात घेऊन आले. उपाशी बाईनं शेवटची ताकद घालून केलेलं मडकं, आणि ते आमच्या देवळासाठी. तिला नाही म्हटल्यानंतर केलं की आधी, कुणाला माहीत नाही. आम्हाला वाटतं, नंतरच. ते ज्या अवस्थेत होतं त्याच अवस्थेत त्यांनी वेदीवर ठेवलं. सरळ करून त्यात काही घालायला कुणाचा हात होईना.

तुळसाला वस्तीनं ठेवून घेतलं. आज या घरी, उद्या त्या घरी. आणि एक गोष्ट तेव्हा सगळ्यांना कळली. ज्यांच्या घरात दाणा नव्हता, मूठही कीड खाऊन गेली होती, त्यांच्याकडं तुळसापुरतं रोज निघत होतं. कुणी चतकोर, कुणी कण्या, कुणी नुसती पेज. म्हणजे मंजुळापुरतंही निघालं असतं. हे जो तो मनात समजून होता, पण बोलून दाखवायची लाज वाटत होती.

जेवायच्या आधी आमच्या घरांत प्रार्थना म्हणतात. तुळसाला ताटलीपुढं बसवलं की ती हात आखडून घ्यायची आणि विचारायची, "येसूला इचारलंस का? त्यो न्हाई म्हनंल."

पहिल्या दिवशी ती ज्या घरी होती, तिथली बाई हे ऐकून तिच्यासमोर येऊन बसली. पोरीला काय सांगायचं? येशू कसा आहे ते समजावून सांगायला आता तिच्याजवळ काय उरलं होतं? शेवटी ती म्हणाली, "येसू न्हाई म्हनला नव्हता गं. म्या म्हनले व्हते." तेव्हा कुठं तुळसानं घास घेतला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी तिनं तेच विचारलं. त्या बाईला वाटलं, आपण शेजारणीचं नाव कसं सांगावं? आपल्या दारात मंजुळा आली असती तर आपण तरी काय वेगळं केलं असतं? ती पण म्हणाली, "म्या म्हनले व्हते." तिसऱ्या घरी तेच, चौथ्या घरी तेच. पाळकांच्या बायकोनंसुद्धा तेच सांगितलं. अशी सगळी वस्ती फिरून झाली. मंजुळा कुणाच्या दारात आली होती ते त्यामुळं कायमचं बुडालं. ती खरी बाई त्यांच्यातच होती, पण तिनं वेगळं काय सांगायचं? तिचंही उत्तर तेच होतं.

तुळसा मोठी झाली तेव्हा तिला अर्थात कळलं की सगळ्याजणी काही नाही म्हणाल्या नसतील. पण तिनं कधी शोध घेतला नाही. ती आईच्या चाकावर बसली. मुठीची मडकी तिनं नव्यानं केली, ती रुंद तोंडाची. दोन्ही हात एकदम आत जातील अशी. त्यांना झाकण करायला तिनं साफ नकार दिला. ती बाप्तिस्मा घेऊन आमच्यात आली का, असं पाहुणे विचारतातच. नाही आली. आम्ही कधी विचारलंच नाही, कोणत्या तोंडानं विचारणार? अजूनही नवीन पाळक बदलून आले की मोठ्या उत्साहानं म्हणतात, कुंभारांच्या घरी जाऊन आपण सुवार्ता सांगायला हवी. मग आम्ही त्यांना इथं आणतो, हे मडकं दाखवतो, आणि तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगतो. ते पुन्हा विषय काढत नाहीत.

आजही आमच्या वस्तीत फिरलात तर प्रत्येक घराच्या ओट्यावर रुंद तोंडाचं मडकं दिसेल, उघडं, रस्त्याकडं तोंड केलेलं. त्यात रोज मूठ पडते आणि ज्याला लागेल तो घेऊन जातो. आम्ही कोण घेतं ते बघत नाही. चिमण्याही खातात. हंगामाच्या रविवारी मात्र ती देवळात येत नाहीत. त्या दिवशी आम्ही देवळातून रिकाम्या हातानं बाहेर पडतो, आपापल्या ओट्यावरचं मडकं उचलतो आणि शेजाऱ्यांकडं जातो, जातपात न बघता, ज्याच्या घरी गरज असेल तिथं. पहिलं घर कुंभारांचं. आता तिथं तुळसाच्या नातवाचा नातू रंगनाथ राहतो. त्याचं चाक विजेवर चालतं, दारात मोटरसायकल आहे, त्याला आमच्या ज्वारीची काही गरज नाही. तरी आम्ही आधी तिथंच जातो. दारात उभं राहून एकेकानं, बाईनं आणि बाप्यानंही, तेवढंच म्हणायचं असतं, "न्हाई म्हनले ती मी."

मी लग्न होऊन आले ती जालन्याकडून. पहिल्या वर्षी सासूनं म्हण म्हटलं तर मला राग आला होता. मी कधी कुणाला नाही म्हटलं, माझा काय संबंध? चार वर्षं संसार केल्यावर, दारात आलेल्या चार माणसांना काही ना काही कारण सांगून परत पाठवल्यावर ते वाक्य मला न अडखळता म्हणता यायला लागलं.

रंगनाथची बायको कौसाबाई आत असते. दारातून प्रत्येकाचं ऐकून घेते आणि म्हणते, "बरं बाई." मंजुळा म्हणाली होती तेवढंच. माफ केलं असं त्या घरानं आजवर कधी म्हटलेलं नाही, आणि आम्ही कधी मागितलेलं नाही.

उद्या हंगामाचा रविवार आहे. मुक्काम असेल तर या आमच्याबरोबर. तुम्ही पाहुणे, तुम्ही काही म्हणायलाच पाहिजे असं नाही. दारात पोचल्यावर बघा.